एक पूर्णांक पंचवीस

पक्षाघाताने मंदारची वाचा गेली होती. मनातले शब्द बोलून दाखवणारं यंत्र आज त्याला पहिल्यांदाच लावलं, आणि त्याची बायको केतकी जीव मुठीत धरून ऐकू लागली.

"केतकी," यंत्र म्हणालं, "तुझा एक पूर्णांक पंचवीस शतांश गेला का?"

ती चक्रावली. "याच्या डोक्यावर परिणाम झालाय का हो?" तिने नर्सला विचारलं.

मंदारने तेच पुन्हा विचारलं. त्याचे डोळे मात्र अगदी शुद्धीवरचे होते, काकुळतीला आलेले.

नर्सही गोंधळली. "या यंत्राचा बोलणारा भाग बाजारभाव सांगणाऱ्या यंत्रातून घेतलाय," ती म्हणाली. "ते किमतीआधीचा 'रु' पुसतं आणि उरलेल्याचा आकडा करतं. ती खोड राहिली असेल."

केतकी पुटपुटत राहिली. एक पूर्णांक पंचवीस म्हणजे सवा. त्याच्याआधी 'रु' लावून पाहिला आणि तिला रडूच कोसळलं. रुसवा! मंदार कोसळला त्या सकाळी तिने भांडून अबोला धरला होता.

तिने त्याचा हात घट्ट धरला. "नाही गेला," ती म्हणाली. "आधी घरी चल, मग बघू."

मंदारच्या ओठांचा एकच कोपरा हलला, पण तो हसत होता.