सासरची पट्टी

लग्नाआधी सासरच्यांनी जागृतीच्या कानामागे संस्कारपट्टी चिकटवली होती. महिनाभरात त्या शाकाहारी घराच्या आवडीनिवडी तिच्या अंगात भिनल्या.

आज तिची आई पहिल्यांदाच भेटायला आली. "गो बाय, तुझ्या आवडीची सुकट आनलीय," म्हणत तिनं डबा उघडला. सुक्या मासळीचा वास पसरला आणि जागृती तिथंच भडाभडा ओकली.

"आता खरी आमची झाली," सासूबाई समाधानानं म्हणाल्या.

आईनं डबा बंद केला, पदराला हात पुसले आणि ती लेकीची पाठ चोळू लागली. त्या हातांच्या वासानं जागृतीला शिसारी आली.

"आये, हात नको लावूस मला."

हे बोलल्यावर तिला स्वतःचीच किळस आली. पट्टी उपटायला तिनं कानामागे नखं रोवली. पट्टी तिथं नव्हती. ती केव्हाच कातडीत विरघळून गेली होती.