ओलिंकाचा वैमानिक

"आधी खा, मग बोल," ओलिंका म्हणाली आणि वाळवलेल्या सॅमन माशाचा तुकडा तिने एमेटच्या तोंडापुढे धरला.

एमेटचे दोन्ही हात अडकले होते. एका काखेत बाळांच्या डायपरचं खोकं, दुसऱ्या खांद्यावर कुत्र्यांच्या खाण्याची गोणी. त्याने मुकाट्याने तोंड उघडलं. त्याचं एका इंजिनाचं मालवाहू विमान मागे खडीच्या धावपट्टीवर अर्धं रिकामं होऊन उभं होतं. बेथेलच्या विमानतळावरून निघताना माल चढवणारा तोच, उडवणारा तोच आणि गावात उतरवणाराही तोच.

"मावशी, आम्हालाही द्या की एखादा तुकडा," माल ताब्यात घ्यायला आलेला इव्हान गाडीवर खोकी रचता रचता ओरडला.

"तुला तुझी आई आहे. तिच्याकडे जाऊन तोंड वेंगाड."

यावर एमेट नेहमी हसायचा. आज हसला नाही.

तशी ओलिंका काही त्याची आई नव्हती. त्याची आई होती तिकडे आयोवात, मक्याच्या शेतांत. पण पहिल्याच हिवाळ्यात वादळाने एमेटला या गावात अडकवून ठेवलं, आणि तो ओलिंकाच्या घरी चुलीजवळ पाय पसरून झोपला. वादळ निवळलं तेव्हा म्हातारीने त्याला आपल्या मुलाचं नाव देऊन टाकलं होतं, कावियाक. तिचा कावियाक बाविसाव्या वर्षी नदीच्या कोवळ्या बर्फावरून स्नोमोबाइल नेताना बर्फ फुटून बुडाला होता. इथे गेलेल्याचं नाव असं वाऱ्यावर सोडत नाहीत. ते जित्या माणसाला देतात, मग त्याला घातलेला घास गेलेल्याला पोचतो.

एमेटला वाटलं, पाहुण्याचं कौतुक चाललंय. कसलं कौतुक! म्हातारीने त्याला बीव्हरच्या कातड्याची टोपी शिवली. पातळ मोजे घातले म्हणून चारचौघांत त्याची खरडपट्टी काढली. एकदा वेड्यावाकड्या वाऱ्यात विमान उतरवलं, तर उतरल्या उतरल्या त्याचा कान पिळला. तोंडातून 'आई' कधी निघायला लागलं, ते त्याचं त्यालाही कळलं नाही. आणि खरं सांगायचं तर त्याला ते फार आवडायचं.

आता घोडं इथेच अडलं होतं. खाली दक्षिणेकडच्या राज्यांतल्या एका प्रवासी विमान कंपनीने त्याला नोकरीवर बोलावलं होतं. जेट विमान, शेजारी दुसरा वैमानिक, गळ्यात टाय, हातात गरम कॉफी. तिथे चार वर्षं काढली की मोठ्या कंपन्यांची दारं उघडणार. आयोवातल्या आईने त्याच्या गणवेशातल्या फोटोसाठी भिंतसुद्धा मोकळी करून ठेवली होती. इथे मात्र म्हातारे वैमानिक शोधूनच काढावे लागत. त्याच्याबरोबर नोकरीला लागलेला एक जण गेल्या वर्षी धुक्यात टेकडीवर आदळला होता. हे सगळं कळत होतं, पण या धावपट्टीवर उतरलं की पाय निघत नसे. संध्याकाळपर्यंत कंपनीला उत्तर द्यायचं होतं. शेवटी त्याने ठरवलं, ओलिंका म्हणेल ते खरं.

त्याने गोणी खाली ठेवली.

"आई, मला मोठ्या विमानावर बोलावलंय. खूप लांब. गेलो तर इकडे येणं व्हायचं नाही."

ओलिंका नदीकडे बघत राहिली. काठाकाठाने पाणी गोठायला लागलं होतं.

"माणसं किती बसतात?"

"सत्तर."

"मग त्यांची खोकी कोण उतरवतं?"

"त्याला वेगळी माणसं असतात."

"म्हणजे तू नुसता बसणार. ढोल होशील ढोल."

एमेट हसला आणि हसता हसता त्याचे डोळे भरून आले.

"चेष्टा नको गं. तू म्हणशील तसं करतो. जाऊ का?"

ओलिंकाने भुवया वर उचलल्या. या गावात 'हो' म्हणायला तोंड उघडावं लागत नाही.

एमेटला ते लागलं. ती रडेल, रागावेल, बाही धरून ठेवेल, असं काहीबाही मनात घेऊन तो आला होता. तिने बाही धरावी म्हणूनच तर विचारलं होतं. आणि ही अशी, इव्हानने 'गोणी उचलू का' विचारावं इतक्या सहज हो म्हणून मोकळी!

"बस, एवढंच?" तो म्हणाला. "इतकं खाऊपिऊ घातलंस, कान पिळलेस, आणि एकदा 'थांब' म्हणवत नाही तुला? तू नुसतं म्हण. मी आत्ताच्या आत्ता त्यांना नाही कळवतो."

इव्हानने गाडी चालू केली होती, ती बंद केली. ओलिंका एमेटच्या जवळ आली. उरलेले मासे तिने त्याच्या खिशात कोंबले आणि लहान पोराची लावावी तशी त्याच्या जाकिटाची चेन हनुवटीपर्यंत ओढून घेतली.

"हे तू मला मागेही विचारलं होतंस, कावियाक," ती म्हणाली. "अँकरेजला विमान शिकायला जाऊ का म्हणून. तेव्हा मी 'थांब' म्हणाले, आणि तू थांबलास."