एकच घास

रेवतीने अंगठा टेकवला तसं तिच्या थाळीचं झाकण उघडलं आणि थालीपीठाचा खमंग वास सुटला. समोर तिच्या नवऱ्याच्या, निरंजनच्या थाळीत आजही करडी पेजच होती. ज्याच्या त्याच्या रक्तातलं कमीजास्त बघून भिंतीतलं यंत्र ज्याचं त्याचं जेवण बनवत असे. त्या पेजेवर निरंजनची तब्येत ठणठणीत होती; फक्त अलीकडे तो फारसं बोलत नसे.

"कांदा घातलाय का गं त्यात?" त्याने अचानक विचारलं.

रेवतीला गलबलून आलं. तिने तुकडा मोडून त्याच्या तोंडापुढे धरला.

"नको. आरोग्य केंद्रात कळेल."

"एका घासाने काय होतंय?"

त्याने डोळे मिटून तो खाल्ला आणि कितीतरी दिवसांनी हसला.

दुपारी आरोग्य केंद्रातली मुलगी आली. "काकू, काकांच्या रक्तात मीठ वाढलंय," ती गोड आवाजात म्हणाली. "तुमची माया कळते हो, पण तीच त्यांना बाधतेय."

तिने निरंजनची थाळी आतल्या खोलीत हलवली. जेवणाच्या वेळी आता मधलं दार आपोआप बंद होणार होतं.

संध्याकाळी ते बंद झालं. रेवतीने वरणभाताला हात लावला नाही. बऱ्याच वेळाने पलीकडून निरंजनचा आवाज आला.

"जेव गं. तू जेवल्याशिवाय दार उघडणार नाही म्हणतंय यंत्र."

दाराकडे बघत रेवती भराभर जेवू लागली.