मोकळी झालेली शीर

“श्वास रोखा,” सोनोग्राफीच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि बाबांच्या आधी लेकीनेच श्वास रोखून धरला.

पोहायला शिकवणारी ती. एरवी तिचा आवाज तलावाच्या या काठावरून त्या काठापर्यंत पोचायचा. आज ती नुसती मशीनच्या पडद्याकडे डोळे लावून उभी होती.

सहा महिन्यांपूर्वी याच खोलीत तिच्या पायाखालची जमीन सरकली होती. बाबांचं लिव्हर सिरॉसिसने पार आक्रसलेलं. नवं बसवायचं ठरलं, तर लिव्हरकडे रक्त नेणाऱ्या मोठ्या शिरेतच गुठळी निघाली. ती शीर मोकळी झाल्याशिवाय ऑपरेशन नाही, सर्जननी साफ सांगितलं.

“अहो, पण यांचं रक्त तर पातळ झालंय! दात घासले तरी येतं,” ती म्हणाली होती.

“म्हणून गुठळी होत नाही असं नाही. या आजारात रक्ताचा तोलच जातो. इकडे वाहतं, तिकडे गोठतं.”

तेव्हापासून रोज सकाळी सातला ती बाबांच्या पोटावर इंजेक्शन टोचत होती. रक्त गोठू न देणारं. तीस वर्षं बस चालवलेला माणूस, पण रोज नवी सबब. “आज राहू दे गं.” “एक दिवस सुट्टी घे की.” आजही निघताना आधी त्यांना चष्मा सापडेना, मग चप्पल. सुईला घाबरतात झालं, असं म्हणून ती हसायची आणि एकही दिवस चुकू द्यायची नाही.

पडद्यावरच्या करड्या धुक्यात काहीतरी चमकलं. मग लाल रंगाचा एक सलग पट्टा धावत गेला.

“वाहतंय!” डॉक्टरीणबाईंचाही आवाज चढला. “गुठळी गेली. शीर मोकळी आहे!”

लेकीने अशी आरोळी ठोकली की बाहेरची नर्स धावत आली.

“बाबा, ऐकलंत? डॉक्टर, मग ऑपरेशन कधी?”

“याच महिन्यात होईल बघ. आधी तुझं पोट उघडून तुझ्या लिव्हरचा तुकडा काढायचा, मग तो यांना बसवायचा.”

“आज म्हणा! आत्ता झोपते टेबलावर!”

बाबांनी डॉक्टरीणबाईंचं मनगट घट्ट धरलं.

“बाई, परत एकदा नीट बघा हो,” ते हळूच म्हणाले. “थोडीशी तरी गुठळी उरली असेल.”