आधी कोण जाणार?

सुरुंगांच्या खुणेच्या लाल खुंट्या उपटून झाल्या, तरी रस्त्यावरची माणसं जागची हलेनात.

"जमीन साफ आहे," सुरुंग काढणाऱ्या पथकाच्या साहेबांनी पुन्हा सांगितलं. "जा आता, आपापली घरं बघा."

सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिले. जाफन्याच्या रस्त्यालगतची ही वाडी युद्धात सुरुंगांनी पेरली होती. लढाई संपली, माणसं छावणीतून परतली. पण रस्ता सोडून आत पाऊल टाकायची सोय नव्हती. तमयंतीच्या वडिलांनी टाकलं होतं. विहिरीला पाणी आहे का, तेवढं बघून येतो म्हणाले. ते परत आले नाहीत.

त्याच वाडीत तमयंतीने गुडघ्यांवर बसून, वीत-वीत माती खरवडत सुरुंग काढले होते. तिने ही नोकरी धरली तेव्हा अम्मा म्हणाली होती, "एक गेला तेवढा पुरे नाही झाला तुला?" तेव्हापासून सकाळी अम्माची वाचाच बसायची. तमयंती दारातून "येते, अम्मा" म्हणायची आणि अम्मा चुलीकडे तोंड करून बसून राहायची. हूं नाही की चूं नाही. संध्याकाळी चार शब्द बोलायची, पण सकाळी नाहीच. आपण आईचं मन मोडलं, हे तमयंतीने मनाशी धरून ठेवलं होतं.

कुणी हलेना, तेव्हा शेवटी सुरुंग काढणाऱ्या सगळ्या पोरी ओळीने वाडीतून चालत गेल्या आणि चालत परत आल्या.

"यांचं काय जातंय!" कुबडीवर रेललेला कंदैयामामा म्हणाला. त्याचा एक पाय असाच सुरुंगाने गेला होता. "पाय कुठे टाकायचा ते यांना ठाऊक आहे."

माणसं हसली, पण हलली नाहीत.

तेवढ्यात गर्दीतून वाट काढत अम्मा पुढे आली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.

"कंदैया, मला पुढ्यातला माणूस दिसत नाही. पाय कुठे टाकायचा ते मला कुठून ठाऊक असणार? मी गेलेली चालेल ना तुला?"

तमयंती धावली. अम्माने हात झटकला. "तू थांब. आलीस तर हा म्हणेल, लेकीने वाट दाखवली."

आणि ती निघाली. कधी डावीकडे भरकटत, कधी झुडपात शिरत. ही माती तमयंतीने स्वतः हातांनी चाचपली होती, तरी ती अम्माचं एकेक पाऊल मोजत राहिली. मध्येच अम्मा अडखळून पडली. रस्त्यावर कुणीतरी किंचाळलं.

"मेली ताडाची झावळी!" अम्मा ओरडली आणि लुगडं झटकत उठली.

चाचपडत ती विहिरीच्या कठड्याशी पोचली. एक खडा उचलून आत टाकला. कान देऊन उभी राहिली.

"पाणी आहे!" तिने हाक दिली. "या रे सगळे, पाणी आहे!"

मग बांध फुटावा तशी माणसं आत घुसली. सगळ्यांच्या पुढे कंदैयामामाची कुबडी. कुणी रडत होतं, कुणी आपल्या पडक्या भिंतींना हात लावत होतं.

तमयंती कठड्यापाशी अम्माजवळ आली.

"अम्मा, राग गेला का तुझा?"

"राग कसला?" अम्माने चाचपत तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला. "तू 'येते' म्हणायचीस. मी 'ये' म्हटलं असतं, तर तो निरोप झाला असता गं. तुझ्या बापाला मी दिला होता."