तळ्याच्या मधोमध

नवरा-बायकोत आठवडाभर अबोला होता. तरी रविवारची होडीची फेरी चुकली नाही, कारण ती रद्द करायची तर कोणीतरी आधी तोंड उघडायला हवं होतं. तो पुढे चाक धरून बसला आणि ती मागे, बॅटरीच्या पेटीला टेकून.

तळ्याच्या मधोमध मोटर बंद पडली. त्याने मागे येऊन पेटी उघडली, बराच वेळ आत खुडबुड केली आणि शेवटी म्हणाला, "बॅटरी मेली."

"अगंबाई! मग आता?"

मग दोघं बोलतच राहिली. आधी बॅटरीवरून, मग भांडणावरून, आणि भांडण नेमकं कशावरून झालं तेच आठवेना, तेव्हा पोट धरून हसली. किनाऱ्यावरचा बॅटरीवाला आपली होडी घेऊन त्यांना ओढून न्यायला आला, तो दोघांनाही जरा लवकरच आल्यासारखा वाटला.

दुकानात बॅटरीवाल्याने स्वतःच बॅटरी उतरवून घेतली. चार्जरला लावली, तर लगेच हिरवा दिवा. भार टाकून पाहिली, तरी मीटरचा काटा खाली येईना.

"बॅटरी ठणठणीत आहे, साहेब," तो डोकं खाजवत म्हणाला. "पण पेटीत तिच्या दोन्ही वायरी सुटलेल्या होत्या. अशा आपोआप नाही हो सुटत."

नवरा एकदम छत न्याहाळू लागला. बायकोच्या कपाळाला आठी पडली.



"दोन्ही? मी तर एकच काढली होती!"