पातळ रक्ताचा हार

"आबा, बीट खाऊन असं होत नसतं! कमोडभर कोकम सरबतासारखी लाल लघवी झालीय," शलाका आजोबांवर ओरडली.

"हळू बोल. खाली मंडळ जमलंय."

आजोबांच्या दंडावरची पट्टी आपोआप औषध सोडून रक्त पातळ ठेवायची. ज्येष्ठांच्या मंडळात सगळ्यात पातळ रक्तवाल्याला दर रविवारी हार घालायचे, म्हणून आबांनी तिचा डोस फुल करून टाकला होता.

"पट्टी फक्त गुठळ्या बघते. तुमच्या किडनीत रक्त साचतंय!" तिने त्यांच्या सुजलेल्या पायावर बोट दाबलं. कणकेत पडावा तसा खड्डा पडला आणि तसाच राहिला. "काढा ती घाण, दवाखान्यात चला. मागच्या रविवारचे हारवाले दळवीकाका डायलिसिसवर पडलेत."

"म्हणून तर आज नंबर माझा," आबा शर्टाची बटणं लावत म्हणाले. "सर बाजूला, मला निघायचंय."